कातळ, नहर आणि नाथसागर : एका जिल्ह्याची वाट

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांचा कारभार शहरातल्या औरंगपुऱ्यातून चालतो. जिल्हा परिषद याच वस्तीत आहे. सरस्वती भुवनच्या शाळा-महाविद्यालयांमुळे इथे कायम विद्यार्थ्यांची वर्दळ असते, आणि गुलमंडी व पैठण दरवाजा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कन्नड, सोयगाव, सिल्लोड, फुलंब्री, खुलताबाद, वैजापूर, गंगापूर, पैठण आणि खुद्द संभाजीनगर अशा नऊ तालुक्यांतली माणसे कामासाठी इथे येतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातात. बाहेरून येणारा पर्यटक मात्र या नऊ तालुक्यांपैकी जेमतेम दोन-तीन पाहतो. त्याच्या दोन दिवसांत एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा आणि उरलेल्या वेळात मकबरा एवढेच बसते. सुमारे १०,१०० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यावर हा अन्याय आहे. वेरूळ आणि अजिंठा यांनाही त्यातून पुरता न्याय मिळत नाही, कारण ज्या डोंगरातून, नद्यांतून आणि व्यापारी वाटांमधून ती लेणी उभी राहिली, त्यांची ओळख झाल्याशिवाय ती अर्धीच दिसतात.

इंग्लंडमध्ये ग्रामीण कौंटी हीच पाहण्याची गोष्ट मानली जाते. तिथला प्रवासी एकच प्रसिद्ध वास्तू गाठून परतत नाही. कौंटीतली गावे, चर्च, शेतांमधल्या पायवाटा आणि जुनी घरे क्रमाने पाहत जाण्याची तिथे रीत आहे. निकोलस पेव्हस्नर या अभ्यासकाने १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडच्या इमारतींवर कौंटीवार ४६ खंड सिद्ध केले, आणि सामान्य वाचक ते गाडीत ठेवून फिरू लागला. आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळचे पुस्तक म्हणजे गॅझेटियर. निजामाच्या राजवटीत १८८४ साली औरंगाबादचे गॅझेटियर इंग्रजीत छापले गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याची नवी आवृत्ती निघाली. दोन्ही ग्रंथ प्रशासनासाठी लिहिलेले असले तरी तालुक्यातालुक्यातली देवळे, गढ्या, बाजार आणि घाट त्यांत नोंदलेले आहेत. ते हाती घेऊन जिल्हा पाहायला निघणारे वाचक मराठीत वाढायला हवेत.

जिल्ह्याची जमीन समजून घ्यायची तर आधी दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांचा काळा बेसाल्ट झाला. काही थर घट्ट आणि एकसंध असतात, काही पोकळ बुडबुड्यांचे. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी-हिरवी स्फटिके भरली, आणि असा दगड घडवायला वेगळा पडतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा दिसतो. या थरांची उत्तरेकडची कड म्हणजे सातमाळा-अजिंठ्याची रांग. खानदेशाच्या बाजूने ती कड्यासारखी तुटलेली आहे, तर दक्षिणेकडे हळूहळू उतरत गोदावरीपर्यंत जाते. त्यामुळे शिवना, पूर्णा, गिरजा, खाम या नद्या दक्षिणेला किंवा आग्नेयेला वाहत शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात येतात. अजिंठ्याची वाघूर मात्र कडा फोडून उत्तरेला तापीकडे जाते. पाऊस बेताचा, वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी सारखा नाही. कापूस, मका, बाजरी, तूर, मोसंबी आणि आले ही इथली पिके या पावसाच्या भरवशावर किंवा विहिरीच्या पाण्यावर उभी असतात. थोडक्यात, जिल्ह्याला दगड मुबलक मिळाला आणि पाणी मोजून. इथल्या प्रत्येक मोठ्या बांधकामात या दोन गोष्टींचा हिशेब दिसतो.

शहराची सुरुवातच पाण्याच्या हिशेबाने झाली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी या गावाजवळ नवी राजधानी वसवली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस दख्खनच्या राजकारणात मुघलांना दोन दशके तोंड देत राहिला. १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा अशाच एका विजयाची खूण मानला जातो. पण त्याचे खरे मोठे काम जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी बांधीव भुयारांत गोळा करायचे आणि फक्त उताराच्या बळावर वस्तीत आणायचे, ही नहरींची योजना त्याने आखली. मुख्य नहर नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवली होती. त्यांतून भुयाराची साफसफाई करता येई. वस्तीजवळ पाणी खापरी नळांत जाई, आणि नळातली हवा व दाब सांभाळण्यासाठी उंच बंबे उभारलेले असत. मोट नाही, रहाट नाही, इंधन नाही. घरातल्या आणि चौकातल्या हौदांत पाणी आपोआप येई. पुढच्या काळात आणखी नहरी जोडल्या गेल्या.

त्यांतल्या एका नहरीचे पाणी आजही ज्या ठिकाणी सहज पाहता येते, ते म्हणजे पाणचक्की. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ती आकाराला आली. हर्सूलच्या बाजूने आलेले पाणी एका उंच भिंतीवरून हौदात पडते, आणि त्याच्या जोरावर चक्कीचे जमिनीखालचे आडवे चाक फिरून वरचे जाते फिरायचे. त्या पिठावर दर्ग्यातल्या फकिरांची, मुसाफिरांची आणि विद्यार्थ्यांची भाकरी निघे. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना शहराला औरंगाबाद हे नाव मिळाले, पुढे तटबंदी झाली आणि बावन्न दरवाजांचे शहर अशी ख्याती पसरली. त्यांपैकी मोजके दरवाजे उभे आहेत. बीबी का मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाला. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिची ही कबर बांधणारे अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे वास्तूवरच नोंदलेली आहेत, ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट. ताजमहालाशी तुलना करून मकबऱ्याला कमी लेखण्याची सवय जुनी आहे. मात्र खाली संगमरवर आणि वर बारीक चुन्याच्या गिलाव्याचे नक्षीकाम, ही दख्खनी कारागिरी जवळून पाहिली की ती तुलना निरुपयोगी ठरते. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यातला नृत्य करणाऱ्या देवीचा आणि वादक स्त्रियांचा शिल्पपट वेरूळच्या कुठल्याही शिल्पाच्या पंक्तीला बसेल असा आहे, आणि तिथे बहुतेक दिवशी गर्दी नसते.

शहरातून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा सुळका समोर येतो. सपाट माळातून सुमारे २०० मीटर उठलेला हा डोंगर यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी म्हणून निवडला. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा कडा केला आहे आणि त्याच्या पायथ्याशी कातळातच खंदक खोदला आहे. वर जायला एकच वाट, आणि ती अंधारी नावाच्या नागमोडी भुयारातून. पायऱ्या असमान, वळणे फसवी, मध्येच खंदकात उघडणाऱ्या जागा. लेणी खोदणाऱ्या पिढ्यांचे कसब इथे युद्धासाठी वापरले गेले. डोंगराबाहेर अंबरकोट, महाकोट, कालाकोट अशी तटांची एकाआड एक कडी आहेत. तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने रामदेवराव यादवाला नमवले, कारण किल्ला दगडाने भक्कम असला तरी वेढ्यात धान्य पुरले नाही. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने याचे नाव दौलताबाद ठेवून दिल्लीची राजधानी इथे हलवली. पुढच्या बहमनी काळात चाँद मिनार उभा राहिला, सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह चिनी महालात कैद होता, आणि मेंढ्याच्या तोंडाची पंचधातूची मेंढा तोफ आजही बुरुजावर आहे. हत्ती हौद नावाचा प्रचंड तलाव आणि खापरी नळांचे अवशेष पाहिले की या किल्ल्याचा पाणीपुरवठाही तितकाच विचारपूर्वक आखला होता हे ध्यानात येते.

मराठी माणसासाठी देवगिरीला आणखी एक अर्थ आहे. यादवांच्या काळात मराठी ही ग्रंथांची भाषा झाली. हेमाद्री पंडित इथल्या दरबारात होता, महानुभावांचे वाङ्मय याच राज्यात घडले आणि ज्ञानेश्वरी रामदेवरावाच्या कारकिर्दीत, १२९० साली, नेवाशाला लिहिली गेली. दोनेकशे वर्षांनंतर सोळाव्या शतकात याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. सुलतानाची चाकरी आणि दत्ताची उपासना त्यांनी एकाच वेळी केली. पैठणहून लहान वयात निघालेला एकनाथ त्यांच्याकडे आला, हिशेब लिहायला शिकला आणि अध्यात्मही शिकला. जनार्दनस्वामींचे स्थान किल्ल्यावर आहे. खुलताबाद तालुक्यातल्या शूलिभंजनच्या डोंगरावर एकनाथांनी तप केल्याची परंपरा सांगितली जाते. तिथल्या दत्त मंदिरात भाविकांची ये-जा असते.

दिवाळीच्या आगेमागे वेरूळच्या रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. किल्ल्याच्या आसपासच्या मुरमाड जमिनीत हे झाड फारशी निगा न करता येते. पुढे घाट चढून खुलताबाद. त्याआधी कागजीपुरा लागतो. या गावातल्या कारागिरांनी हातकागदाचा धंदा तुघलकाच्या काळापासून सांभाळला, आणि नावापासून ओळखीपर्यंत गावाचे सगळे त्याच धंद्याशी बांधलेले आहे.

खुलताबादला संतांचे गाव म्हणणे योग्य ठरेल. चौदाव्या शतकात चिश्ती परंपरेतले सूफी दिल्लीहून इकडे आले. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे निधन १३३७ मध्ये झाले. त्यांच्या आणि झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांभोवती पुढे शेकडो वर्षे कबरी वाढत गेल्या. फारसी कवी हसन सिज्झी, मलिक अंबर, पहिला निजाम आसफजाह आणि अठराव्या शतकातले विद्वान आझाद बिलग्रामी याच परिसरात आहेत. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबाची कबर झैनुद्दीन यांच्या दर्ग्यात आहे. त्याच्याच इच्छेनुसार ती उघडी आणि साधी ठेवली. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकात आली. आणि याच गावात निजलेल्या हनुमानाची, म्हणजे भद्रा मारुतीची, मूर्ती आहे. श्रावणी शनिवारी पहाटे दर्शनाला पोहोचण्यासाठी संभाजीनगरहून हजारो लोक रात्रभर चालत येतात. त्यात तरुणांचे घोळके असतात, बायका असतात, अनवाणी चालणारे असतात. वाटेवर चहा-फराळाच्या पंगती लागतात. दर्गे आणि मारुती यांच्यामधले अंतर चालत पार करता येण्याइतके कमी आहे. खुलताबादहून वर म्हैसमाळला गिरिजामातेचे ठाणे आहे, आणि पावसाळ्यात तिथल्या पठारावर धुके उतरते.

वेरूळला डोंगराचा उतार सौम्य आहे, आणि ही गोष्ट मोलाची ठरली. अजिंठ्याच्या उभ्या कड्यात समोरूनच आत शिरावे लागते. वेरूळला मात्र वरून खाली उतरत खोदता येते आणि लेण्यापुढे अंगण सोडता येते. सहाव्या ते दहाव्या शतकांत कोरलेल्या ३४ लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. तीन धर्मांचे कारागीर याच डोंगरावर कमी-अधिक काळाने काम करत होते, आणि खांबांची घडण किंवा दारांची नक्षी एकीकडून दुसरीकडे गेलेली दिसते. दहावे विश्वकर्मा लेणे हे इथले एकमेव चैत्यगृह. बारावे तीन ताल, म्हणजे कातळात कोरलेला तीन मजली विहार. पंधराव्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शिलालेख आहे.

सोळावे लेणे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्य काम झाले. सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या बाजूला तीसेक मीटर खोल असा चर खणून मधला कातळ सोडला आणि त्याचे मंदिर केले. काम वरून खाली आल्यामुळे परांची लागली नाही. शिखर आधी पूर्ण झाले, पाया शेवटी. खोदकामात चूक झाली तर दगड पुन्हा बसवता येत नाही, म्हणजे संपूर्ण मंदिर डोक्यात आधीच पुरे झालेले असणार. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात एलापुरच्या या शिवमंदिराचे वर्णन आहे, आणि ते घडवणारा शिल्पीही थक्क झाला असे त्यात म्हटले आहे. मराठी परंपरेने याच गोष्टीची कथा केली. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त राणी शिवाचे शिखर पाहिल्याशिवाय जेवणार नाही असा नेम करते, आणि सगळे स्थपती हात टेकल्यावर पैठणचा कोकस पुढे येतो. तो शिखरापासूनच कोरायला सुरुवात करतो, त्यामुळे राणीचा उपवास लवकर सुटतो. मंदिराचे नाव माणकेश्वर. कथा कितीही रंगवलेली असो, वरून खाली कोरण्याची पद्धत लोकांच्या स्मरणात टिकली आणि कारागीर पैठणचा मानला गेला, हे महत्त्वाचे. कैलासावर एकेकाळी पांढरा गिलावा आणि रंग होते. रंगमहाल हे त्याचे जुने लोकप्रिय नाव त्यावरूनच पडले. वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास संभाजीनगरच्या विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ यांनी मिळून केला. त्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले, आणि कीटकांपासून गिलावा वाचण्याचे ते एक कारण असावे असा त्यांचा निष्कर्ष आहे.

लेण्यांपासून थोड्या अंतरावर वेरूळ गाव. इथली पाटीलकी भोसल्यांकडे होती. मालोजी भोसले यांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी आज दिसणारे लाल दगडाचे मंदिर बांधले. शिवालय तीर्थ हे पायऱ्यांचे कुंडही अहिल्याबाईंच्याच नावावर आहे. शिवाजी महाराजांच्या घराण्याचे मूळ शोधत येणाऱ्याने लेण्यांनंतर गावात पाऊल ठेवायलाच हवे. बहुतेक बस थेट परत फिरतात.

वेरूळहून उत्तरेला कन्नड, आणि कन्नडच्या पुढे औट्रम घाट. घाटमाथ्याच्या आसपास गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ मध्ये घोषित झालेले आणि सुमारे २६० चौरस किलोमीटरचे. पानगळीचे जंगल, पावसाळ्यात धबधबे, उन्हाळ्यात राखाडी फांद्या. याच रानातल्या एका दरीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. जिल्ह्यातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी ही, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. कड्यातला दगड ठिसूळ असल्याने दर्शनी भाग मोठ्या प्रमाणात कोसळला आहे. तरी चौथ्या लेण्याच्या पायथ्याची हत्तींची रांग, दाराशी उभे भालेदार आणि आत उतरणारा जिना यांवरून मूळ भव्यता कळते. इथे सापडलेली हसरी यक्षमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे. कण्हदास हा हिरण्यकार, म्हणजे सोनार होता. सोनाराच्या हाताची नाजुकाई त्याने दगडात उतरवली.

पितळखोऱ्याचे छोटे शिलालेख या जिल्ह्याचा इतिहास उलगडायला फार उपयोगी पडतात. दान देणाऱ्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, मितदेव आहे. तो गंधिक कुळातला, अत्तराच्या व्यापारातला. मगिल हा राजवैद्य आहे आणि त्याची मुलगी व मुलगा आहेत. पैठण इथून शंभरेक किलोमीटर दूर. तिथला अत्तरवाला या दरीत खांब दान देतो, याचे कारण या दरीजवळून जाणारी वाट. पैठणहून निघालेले तांडे हा घाट उतरून खानदेशात, तिथून उज्जैनकडे किंवा भडोचच्या बंदराकडे जात. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदींत पैठणहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या मौल्यवान दगडांचा उल्लेख आहे. भिक्षूंना पावसाळ्यात निवारा हवा होता, व्यापाऱ्यांना घाटाच्या तोंडाशी थांबा. लेणे दोघांच्या गरजेतून झाले. पितळखोऱ्याला जाणारे लोक थोडे असतात, उतरायच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि पावसाळ्यात ओढ्याचे पाणी वाढले की पलीकडे जाता येत नाही. ज्याला अजिंठा समजून घ्यायचा आहे त्याने तरीही आधी इथे यावे.

घाटाखाली चाळीसगावच्या बाजूला पाटण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने यादवकाळात स्थापलेल्या मठाचा लेख तिथे आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडून तो पाहण्यासारखा आहे.

रांगेच्या कडेने पूर्वेकडे किल्ल्यांची माळ लागते. अंतूर कन्नड तालुक्यात, वेताळवाडी आणि जंजाळा सिल्लोड-सोयगावच्या सीमेवर. घाटवाटांवर पहारा देणे हे या किल्ल्यांचे काम होते. सिल्लोडहून उंडणगावमार्गे सोयगावला जाताना हळदाघाट उतरावा लागतो आणि वेताळवाडीचा तट रस्त्यालगतच येतो. एवढ्या सुस्थितीतला, इतक्या सहज गाठता येणारा आणि तरीही इतका दुर्लक्षित किल्ला महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. जंजाळ्याजवळ घटोत्कच लेणे आहे. तिथला शिलालेख वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा. हाच वराहदेव अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता, त्यामुळे घटोत्कच पाहिले की अजिंठ्यामागची माणसे ओळखीची होतात.

सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याने मराठीला ना. धों. महानोर दिले. अजिंठ्याच्या पायथ्याची ही शेती आणि हे रान त्यांच्या कवितेत आले. 'अजिंठा' या दीर्घकवितेत त्यांनी लेण्यांतली चित्रे उतरवणारा रॉबर्ट गिल आणि त्याच्या आयुष्यात आलेली पारो यांची कहाणी मांडली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, उभ्या कड्यात आहेत. एकूण तीस. पहिली खेप सातवाहनकाळातली. नववे आणि दहावे चैत्यगृह त्या वेळचे. दुसरी खेप पाचव्या शतकातली. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने आयुष्यभर काम करून असा मुद्दा मांडला की दुसऱ्या खेपेतले जवळपास सगळे काम हरिषेणाच्या काळातल्या दोनेक दशकांत, साधारण ४६० ते ४८० च्या दरम्यान झाले आणि राजा गेल्यावर एकाएकी थांबले. त्याच्या कालक्रमावर मतभेद आहेत. अर्धवट सोडलेली लेणी मात्र सगळ्यांना दिसतात, आणि खोदकाम कुठल्या क्रमाने होई हे शिकण्यासाठी तीच उत्तम.

चित्रांची पद्धत सांगायची तर कातळावर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ थर, मग रेखाटन आणि कोरड्या पृष्ठभागावर बंधक द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी हे रंग जवळपासचे. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या लाजवर्दाचा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सतराव्या लेण्यातल्या जातककथा आणि सव्विसाव्यातले सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाण यांपुढे घाई करू नये. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. दारातून शिरून लगेच बाहेर पडणाऱ्याला भिंतीवर फक्त तपकिरी डाग दिसतात.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ दहाव्या लेण्यात शिरला आणि खांबावर नाव कोरून गेला. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती तेव्हा कळली. त्यानंतरची नकलांची कहाणी चित्रांइतकीच मन हेलावणारी आहे. रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठा गावच्या बारादरीत राहून वर्षानुवर्षे चित्रे उतरवत राहिला. त्याच्या आयुष्यात आलेल्या पारोची कबर १८५६ सालची, अजिंठा गावातच. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षे काम केले, आणि त्यांच्याही पुष्कळ नकला लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे नकला करायला आलेल्या लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि इतर भारतीय चित्रकार इथे आले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून सुटू लागलेला गिलावा पक्का करून घेतला, आणि खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० पासून छायाचित्रांसह चार भाग प्रसिद्ध केले. आज चित्रांचे जे काही उरले आहे, त्यात या खात्याच्या कामाचा वाटा मोठा आहे आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही.

वैजापूर आणि गंगापूर हे तालुके सपाट, काळ्या जमिनीचे, शिवनेच्या आणि गोदावरीच्या काठांचे. लासूरची दाक्षायणी देवी आणि तिथला जनावरांचा बाजार वगळता प्रवाशाच्या यादीत त्यांना जागा मिळत नाही. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की शेतातल्या आगटीवरचा हुरडा, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची भाकरी-येसर यांच्यासाठी तिकडे जावे.

पैठण हे जिल्ह्याचे सगळ्यात जुने शहर, सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. हाल राजाच्या नावे ओळखली जाणारी 'गाथासप्तशती' या राज्याची. महाराष्ट्री प्राकृतातल्या तिच्या गाथांमध्ये गोदावरीचा काठ, शेते आणि खेड्यातली माणसे आहेत. सोळाव्या शतकात एकनाथांनी (१५३३–१५९९) याच गावी भागवत मराठीत आणले, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि भारुडे रचली. त्यांचा वाडा गावात आणि समाधी नदीकाठी आहे. पैठणी इथली. खरी पैठणी यंत्राने उठवत नाहीत. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने गुंफून पदराची नक्षी विणतात, म्हणून ती उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. नारळी काठ, आसावली, बांगडी मोर ही तिची ओळखीची नक्षी. आज मोठा धंदा येवल्याकडे गेला असला तरी पैठणलाही माग चालू आहेत आणि विणकाम पाहता येते. शहरातल्या हिमरू कापडाचा धंदा मात्र फार आकसला आहे.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. मातीच्या धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. जलाशयाला नाथसागर म्हणतात. नदीकाठची कितीतरी गावे त्याखाली गेली आणि मराठवाड्यातली मोठी शेती त्याच्या कालव्यांवर आली. शहराला, उद्योगांना पाणी इथूनच जाते, तेही चाळीस-पन्नास किलोमीटर आणि शंभरेक मीटर चढावर पंपांनी उचलून. मलिक अंबराच्या नहरी उतारावर चालत होत्या. त्यांची जागा विजेच्या बिलाने घेतली. नाथसागर उथळ असल्याने काठ रुंद आणि चिखलाचे राहतात, आणि तेच पक्ष्यांना मानवते. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित, पट्टकदंब आणि बदकांचे थवे उतरतात. पाणी ओसरले की काठावर गाळपेर होते.

सगळा जिल्हा नीट पाहायचा तर आठवडा लागतो. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिल-मेमध्ये देवगिरीचा कातळ सकाळी दहालाच तापतो. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे आखणी करतानाच पाहावे. खुलताबाद, देवगिरी आणि वेरूळ एका दिवसात उरकण्याऐवजी दोन दिवसांत पाहावे, कारण देवगिरीला एकट्यालाच अर्धा दिवस पुरत नाही. कन्नडला मुक्काम केला तर पितळखोरे आणि गौताळा सकाळच्या उन्हात होतात. सिल्लोडहून वेताळवाडी, घटोत्कच आणि मग फर्दापूरमार्गे अजिंठा हा क्रम सोयीचा. पैठण शेवटी ठेवले तर चालेल. फक्त फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास नाथषष्ठीसाठी दिंड्या येतात आणि गावात राहायला जागा मिळत नाही, म्हणून वारी पाहायची नसेल तर तो आठवडा टाळावा.